पाहुण्याचं लोखंड

रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यासमोर मी 'खाजगी काम' असं लिहिलं. 'चाकू आणायला वऱ्हाडात जातो' असं खरं लिहिलं असतं तर साहेबांनी आधी माझ्या बायकोला बोलावून घेतलं असतं, आणि तिने साहेबांची बाजू घेतली असती.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. दिवसभर पोलाद कापायचं, घासायचं, तापवायचं, आणि घरी येऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घडीचे चाकू काढून पुसत बसायचं, असं माझं वीस वर्षं चाललं आहे. बाजारात ठोकाने मिळणारे चाकू मला नकोत. एखाद्या कारागिराने हाताने पाच-सात केले आणि तो थांबला, असे मी गोळा करतो. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, तोवर एकेचाळीस जमले होते. बायको एकच प्रश्न विचारते, "यातल्या एकाने तरी कधी कांदा चिरला आहे का?" मी उत्तर देत नाही, कारण उत्तर तिला ठाऊक आहे.

आमच्या खात्यात गजानन नावाचा फिटर होता, कामरगावकडचा. जेवणाच्या सुट्टीत तो एका लहानशा चाकूने संत्रं सोलायचा. बाभळीच्या गाभ्याची मूठ, आत घडी होणारं अडीच इंची पातं, आणि पात्याच्या पाठीवर छिन्नीने मारलेल्या पाच रेघा. मी तो हातात घेतला आणि माझं जेवण राहिलं ते राहिलंच. गजानन म्हणाला की धनजचे तुळशीराम लोहार वर्षातून एकदाच, थंडीच्या सुरुवातीला, असे चाकू करतात. एका पोलादातून जेवढे निघतील तेवढे. त्याला ते घाणा म्हणतात, भज्यांचा म्हणतात तसा. रेघा म्हणजे घाण्यातला क्रमांक. तिथले लोक संत्र्याच्या रोपांवर डोळे भरतात, म्हणजे जंबेरीच्या रोपाला चीर देऊन त्यात गोड संत्र्याचा डोळा बसवतात, त्यांच्यासाठी हे चाकू. पोलाद यायचं एका जुन्या जिनिंगमधून. कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्राला लांब पोलादी सुरी असते, ती झिजली की तुळशीरामभाऊ घेऊन यायचे. जिनिंग बंद पडलं आणि पोलाद संपलं. "औंदा घाना होत नाही म्हनतात," गजानन म्हणाला.

मी त्याच्याकडून तुळशीरामभाऊंना पत्र लिहवून घेतलं: चांगलं पोलाद मी आणतो, घाणा करा, त्यातला एक चाकू मला द्या. उलट टपाली कार्ड आलं. या.

कारखान्यातून रीतसर चिठ्ठी करून मी दोन सूत जाड, इंचभर रुंद, दीड फुटी पट्टी विकत घेतली. शिवाय तिचाच एक चार इंची तुकडा. उत्तम पोलाद होतं. त्याची एकच अट असते, तापवून तेलात विझवावं लागतं. पाण्यात टाकलं तर तडकतं. आमच्याकडे ही गोष्ट उमेदवाराला पहिल्या महिन्यात कळते. पत्रात मात्र मी ती घालायला सांगितली नव्हती. तेव्हा वाटलं, विसरलो.

धनज

कामरगावच्या थांब्यावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी पुण्याच्या थंडीचा विचार करून घातलेला स्वेटर मला चावू लागला होता. धनजकडे जाणाऱ्या जीपमध्ये ज्वारीची दोन पोती, एक शेळी आणि अकरा माणसं होती. बारावा मी. शेळीने माझ्या पिशवीचा बंद अर्धा खाल्ला. तिच्या मालकाने मला धीर दिला, "खाऊ द्या जी, सुती हाय, पचते तिले."

वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि तुरी फुलावर होत्या. आमच्या मावळात शेत म्हणजे बांधाआड बांध. इथे शेत सुरू झालं की नजर दमेपर्यंत संपत नाही. मला हे आवडलं. मोकळं वाटलं.

तुळशीरामभाऊंची भट्टी गावाच्या कडेला, कडुलिंबाखाली. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. बोलण्याचं खातं सुभद्राबाईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे. त्या भाताही ओढत आणि वेळ पडली तर घणही मारत. मी पाय धुऊन बसलो तोच त्यांनी विचारलं, "पुन्याचे पाहुने, चहात गूळ चालते का साखरच पाह्यजे?"

"गूळ चालतो."

"मंग बरं. साखर नाहीच."

काहीतरी करावं म्हणून मी भात्याच्या दोरीला हात लावला, तर त्यांनी तो जवळजवळ झटकलाच. "पाहुन्यानं भाता ओढू नाही. बसा तिथं, पाहा." आमच्याकडे पाहुणा आला की त्याला अर्ध्या तासात दळणाचा डबा आणायला पाठवतात. इथे तीन दिवस मला पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेऊ दिला नाही.

दुपारी ज्वारीची भाकरी, पातोडीची भाजी आणि ठेचा. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्शात. पहिल्या घासाला मी माणूस होतो, तिसऱ्या घासाला नळ झालो. सुभद्राबाईंनी न विचारता दह्याची वाटी पुढे सरकवली.

पोलादाची पारख

जेवणानंतर मी टूलरूमच्या माणसाचे प्रश्न सुरू केले. मोटारीचा कमानपट्टा का नाही वापरत? इकडे सगळे लोहार तोच वापरतात.

"इळ्याले चांगला हाय," तुळशीरामभाऊ म्हणाले. "कुऱ्हाडीले बी. पन डोया काढाले धार बारीक लागते. कमानपट्ट्याची बारीक धार दोन रोपात मुडपते."

"आणि जुनी कानस?"

"कानशीचा चाकू धार धरते, पन खाली पडला का मोडला. वावरात चाकू पडतेच." मग त्यांनी मला विचारलं, "तुमाले चाकू कायच्या कामाले पाह्यजे?"

इकडे ळ चा य होतो हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, पण हा प्रश्न मला भाषेमुळे अवघड गेला नाही. मी म्हणालो, "ठेवायला."

"ठेवाले," ते म्हणाले, आणि विडी पेटवली.

तेवढ्यात त्यांचा साडू एक लोखंडी पट्टी घेऊन आला. तुळशीरामभाऊंनी तिचं टोक तापवलं, पाण्यात विझवलं, ऐरणीच्या कडेवर ठेवून हातोड्याने तोडलं आणि तुटलेला भाग उन्हात धरला. आतला दाणा खडबडीत होता. "पासेले चालीन," त्यांनी निकाल दिला. पास म्हणजे वखराची पात. साडू मुकाट्याने पट्टी ठेवून गेला.

मी पिशवीतून माझी पट्टी काढली. आता ते हिचंही टोक तोडतील, दाणा बघतील आणि हे पाण्याचं पोलाद नाही असं ओळखतील का, याची मला उत्सुकता होती. त्यांनी पट्टी हातात तोलली, बोटाने वाजवली आणि फळीवर ठेवली.

"तोडून नाही पाहिलीत?"

उत्तर सुभद्राबाईंनी दिलं. "पाहुन्याचं लोखंड तोडून पाहत नाही जी. पाहुन्यानं आनलं म्हंजे चांगलंच आनलं."

हीच ती वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं, 'भाऊ, हे तेलात विझवा.' ते माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. प्रामाणिकपणे सांगतो, मला बघायचं होतं. चाळीस वर्षं नजरेच्या जोरावर काम करणाऱ्या माणसाला माझं पोलाद कळतं का, हे मला बघायचं होतं. पत्रात ते वाक्य का राहिलं होतं, तेही मला त्या क्षणी समजलं.

घाणा

दुसरा दिवस घडाईत गेला. पट्टीचे सात तुकडे झाले. तुळशीरामभाऊ लहान हातोड्याने जागा दाखवत आणि सुभद्राबाई घण घालत. दोघं एक शब्द बोलत नव्हते. संध्याकाळपर्यंत सात पाती ओळीने पडली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक ते सात रेघा आल्या.

तिसऱ्या दिवशी कानसकाम चाललं असताना शामराव आला. "जयभीम, तुळशीरामभाऊ," म्हणत कडुलिंबाखाली बसला. चाळिशीचा, उंच, स्वच्छ पांढरा सदरा. डोळे भरणाऱ्यांची त्याची टोळी होती, त्याला धरून सहा जणांची, सगळे नात्यातले. त्याच्या वडिलांची उमर दुसऱ्याच्या शेतात मजुरीत गेली होती. डोळे भरायचं काम शामरावने तरुणपणी अमरावतीकडे जाऊन शिकून आणलं आणि सगळ्या भावकीला शिकवलं. आता मोठमोठे बागायतदार त्याच्या घरी बोलावणं धाडतात.

त्याने खिशातून आपला जुना चाकू काढून मला दाखवला. धार लावून लावून पातं काडीएवढं उरलं होतं. "पुढच्या हप्त्यात तीन बगीच्यांत काम धरलं हाय," तो म्हणाला. "सहाही जनांचे चाकू असेच झाले. ह्यानं चीर फाटते, डोया जयून जाते. दुकानातला चाकू आनून पाह्यला, शंभरात चाळीस डोये मेले. एका हंगामात नाव खराब झालं तं पुढच्या सालाले कोन बोलावते?"

सातातले सहा त्याचे आणि एक माझा, असा हिशेब ठरला होता. मी त्याच्या हातातल्या काडीकडे बघत राहिलो. आता तरी सांग, असं मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणालं, पातळ पाती आहेत, पाणी कोमट आहे, कदाचित निभावेल. कधीकधी निभावतंही. मी त्या 'कधीकधी'वर टेकून बसलो.

पाणी पाजायचं, म्हणजे पाती तापवून विझवून कडक करायचं, काम दिवस मावळताना करतात, कारण लख्ख उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही. सुभद्राबाई भाता ओढत होत्या. पहिलं पातं, एका रेघेचं, निखाऱ्यांत लाल होत गेलं. तुळशीरामभाऊ पुटपुटले, "पयसाच्या फुलावर आला," म्हणजे पळसाच्या फुलाच्या रंगावर. सांडशीने उचलून त्यांनी ते दगडी कुंडीत सोडलं.

टिक्.

एवढाच आवाज झाला. नखाने कौल वाजवावं तेवढा. पण त्या आवाजाचा अर्थ तिथल्या चौघांनाही कळत होता. पातं बाहेर आलं तेव्हा टोकापासून बोटभर खाली केसासारखी रेघ आडवी गेली होती.

तुळशीरामभाऊंनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. "जास्ती तापला," ते म्हणाले. "मले रंग समजला नाही." मग म्हणाले, "डोये गेले माहे."

"एकानं काय होते?" शामराव म्हणाला. "दुसरा पाहा."

"नाही. चाळीस सालांत माह्या हातानं पातं टिचलं नाही. आता टिचलं म्हंजे दिसत नाही मले." त्यांनी सांडशी खुंटीला लावली. "तू दुसरा लोहार पाह, शामराव."

शामराव उठला, पण गेला नाही. जुना चाकू खिशातून काढून त्याने पुन्हा खिशात टाकला. मग जातो म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला सुभद्राबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम हुरडा भाजला होता, वर तिळाची चटणी. पुण्यात हुरड्यासाठी मी चार मैल चालत जाईन. त्या दिवशी तो तोंडात फिरत राहिला. तुळशीरामभाऊ ताटाकडे बघत बायकोला सांगत होते की आता फक्त पासा आणि इळे करायचे, बारीक काम बंद. त्या "हाव" म्हणत मान डोलावत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी ते ऐकत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

चौथी सकाळ

सकाळी चहा यायच्या आधी मी सांगितलं. "भाऊ, तुमचे डोळे ठीक आहेत. रंग बरोबर होता. ते पोलादच पाण्याचं नाही. ते तेलात विझवावं लागतं."

तुळशीरामभाऊ विडी हातात घेऊन थांबले. "तुमाले मालूम होतं?"

"हो."

"आदीपासून?"

"हो."

"अन् तुमी पाहत राह्यले?"

मी मान डोलावली. कारण काय, हेही सांगितलं. तुम्हाला ओळखता येतं का ते बघायचं होतं म्हणून. मोठ्याने म्हटल्यावर ते कारण जेवढं क्षुद्र होतं तेवढं ऐकू आलं.

ते उठून कडुलिंबापलीकडे गेले. सुभद्राबाई चहाचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या, "रातभर झोपला नाही हा मानूस. डोयापुढं हात धरून बोटं मोजत होता." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पिशवी भरायला घेतली. शेळीने खाल्लेल्या बंदाला गाठ मारत होतो तेव्हा दारात सावली पडली.

"तेल कोनतं?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"आमच्याकडे कारखान्याचं असतं, पिंपातलं."

"सरकीचं चालते का?"

जिनिंगच्या ज्या सुरीपासून त्यांचे चाकू होत होते, तसल्याच सुरीने वेगळ्या केलेल्या सरकीचं तेल इकडे घरोघर असतं. मला ते सुचलंच नव्हतं. "कधी करून पाहिलेलं नाही," मी म्हणालो. या वेळी खरं तेच बोललो.

"मंग पाहू. सुभे, डबा आन."

"भाजीले काय टाकू मंग?"

"आज पान्यातली भाजी कर."

शामरावला निरोप गेला. संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथेच उभे होतो, फक्त कुंडीच्या जागी पत्र्याच्या डब्यात सरकीचं तेल होतं. दोन रेघांचं पातं लाल झालं. तुळशीरामभाऊंनी ते माझ्यासमोर धरलं. "रंग बराबर हाय?"

"तुम्हीच सांगा, भाऊ."

त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि पातं तेलात सोडलं. भप्पकन ज्वाळ उठली, शामराव मागे सरकला आणि तळणीचा वास पसरला. आम्ही चौघंही कान देऊन ऐकत होतो. टिक् आलं नाही. गार झालेल्या पात्यावर त्यांनी कानस ओढली, ती घसरून गेली, पोलादाला धरेना, म्हणजे पातं कडक झालं होतं. त्यांनी कानस मला दिली. मी ओढली. मग शामरावने ओढली. मग सुभद्राबाईंनी, कारण त्या तरी का मागे राहतील.

सहाही पाती निघाली. मग तापल्या सळईवर धरून एकेक पातं कडब्याच्या रंगावर आणलं, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि धार तुटत नाही. शामराव एवढंच म्हणाला, "गावात भजे तयून राह्यले वाटते म्हनतीन लोक." त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

बगीचा

मुठी बसायला पुढचे दोन दिवस लागले. त्यानंतर शामराव मला कामरगावजवळच्या एका बगीच्यात घेऊन गेला. उकिडवा बसून त्याने जंबेरीच्या रोपाला वर आडवी आणि खाली उभी चीर दिली, साल उचलली, संत्र्याच्या काडीवरून डोळा काढला, आत सरकवला आणि सुतळीच्या धाग्याने बांधला. मी मनात वीस मोजायच्या आत तो दुसऱ्या रोपावर होता. कापलेल्या सालीची कड आरशासारखी गुळगुळीत होती.

"तुमी काही बोलले नसते तं?" त्याने रोपावरून नजर न काढता विचारलं.

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करू लागलो. पुढच्या रोपाशी गेल्यावर त्याने मला बसायला जागा करून दिली.

निघताना

निघायच्या दिवशी भट्टी पेटलेली होती, कुणाचीतरी पास आली होती. मला चाकू मिळणार नाही हे मी धरून चाललो होतो. सहा उरले, सहा जण होते. पण तुळशीरामभाऊंनी फळीवरून एक चाकू काढून माझ्या हातात ठेवला. तडकलेलं टोक कापून टाकलेलं आखूड, बोथट नाकाचं पातं, आणि पाठीवर एकच रेघ. घाण्यातला पहिला.

"ह्यानं डोया निघत नाही," ते म्हणाले. "कांदा होते."

माझ्या बायकोने त्यांना पत्र लिहिलं होतं की काय असं मला क्षणभर वाटलं.

मी पिशवीतला तो चार इंची तुकडा काढून दिला. "हेही राहू द्या. तेलातलंच आहे, त्याच पट्टीचं."

त्यांनी तो घेतला. या वेळी त्यांनी वाजवून फळीवर ठेवला नाही. सांडशीत धरून टोक निखाऱ्यांत खुपसलं, लाल झाल्यावर तेलात विझवलं, ऐरणीच्या कडेवर ठेवलं आणि हातोडा मारला. टोक तुटून माझ्या पायाशी पडलं. त्यांनी तुटलेला भाग उन्हात धरून नीट बघितला.

मला ते लागलं. लागावं असंच होतं, तरी लागलं. मी म्हणालो, "बरोबर आहे, भाऊ. माझ्यावर आता विश्वास कसा ठेवाल?"

"तसं नाही," ते म्हणाले. "पाहुन्याचं तोडत नाही. घरच्याचं तोडतो. साडूचं तोडतो, माह्या भावाचं तोडत होतो. घरचा मानूस चुकते." त्यांनी तुकडा माझ्यापुढे केला. "पाहा, दाना बारीक हाय. चांगलं हाय."

मी बघत होतो, पण दाणा काही दिसत नव्हता. डोळे भरून आले होते.

"घरचे झाले तं तिथं उभे कायले?" सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी भात्याची दोरी सोडून माझ्याकडे फेकली. "माहा हात दुखून राह्यला चार दिवसांपासून. ओढा."

मी पिशवी ठेवली, स्वेटर काढला आणि बसलो. पहिल्या दोन ओढींत राख सगळ्यांच्या अंगावर उडवली. दोघांनीही मला भरपूर सुनावलं. दहाची जीप गावाबाहेर भोंगा वाजवत होती, तो मी ऐकला, आणि ओढत राहिलो.